‘खिडकी बदलणे’ : जुन्या घरांच्या संदर्भात एक अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या वस्तीतील घराची मूळ खिडकी काढून तिच्या जागी नवी बसवावी की नाही, हा प्रश्न सामान्यतः स्थापत्याचा, कायद्याचा आणि घरमालकाच्या ऐपतीचा मानला जातो. भाषाशास्त्राचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणी घेतल्यास नवल नाही. परंतु या विषयावरील वाद लक्षपूर्वक ऐकले तर असे आढळून येते की वादातील पक्ष एकच शब्द वापरीत असले तरी एकाच वस्तूविषयी बोलत नसतात. पावसाळ्यात फुगून लागेनाशी झालेली झडप घरमालकाच्या मनात असते. कारागिराला भिंतीत बसवलेली सबंध चौकट अभिप्रेत असते. परवानगी देणारा अधिकारी रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीतील पोकळीच्या मापाचा आणि प्रमाणाचा विचार करीत असतो. तिघेही ‘खिडकी’ म्हणतात, आणि तिघांचाही शब्दप्रयोग मराठीच्या दृष्टीने निर्दोष असतो.

हा घोटाळा केवळ बोलण्यापुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु झडपेच्या तक्रारीतून सुरू झालेले काम चौकट उपटण्यापर्यंत आणि शेवटी भिंतीतील पोकळीचा आकार बदलण्यापर्यंत जाते, आणि प्रत्येक पायरीवर ‘खिडकी बदलली’ एवढेच म्हटले जाते. एका वाक्यात मावणाऱ्या या तीन कृतींपैकी पहिली दुरुस्त करता येण्याजोगी असते, तिसरी नसते.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. खेड्यांतील मालगुजारांचे वाडे, रेल्वेमुळे वाढलेल्या गोंदिया शहरातील व्यापाऱ्यांची घरे आणि कवेलूंच्या छपरांची साधी मातीची घरे असा येथील जुन्या वास्तूंचा संमिश्र ठेवा आहे. १९५० सालच्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. वाडे मागे राहिले, परंतु त्यांची डागडुजी ज्या उत्पन्नावर चालत असे ते आटले. मुंबईसारख्या शहरात खिडकीपर्यंत पोहोचणारी जी नियमव्यवस्था आहे, ती येथील सामान्य घराच्या वाट्याला आलेली नाही. अशा ठिकाणी मूळ खिडकीचे काय करावयाचे हे घरमालक आणि सुतार यांच्या संभाषणात ठरते. ते संभाषण कोणत्या शब्दांत होते, याला म्हणूनच महत्त्व आहे.

२. एक शब्द, तीन वस्तू

‘खिडकी’ या शब्दाचे अर्थ त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून वेगळे करता येतात. ‘खिडकीतून वारा येतो’, ‘खिडकीतून डोकावू नकोस’, ‘ती खिडकी विटांनी बुजवली’ या वाक्यांत खिडकी म्हणजे भिंतीतील पोकळी होय. ‘खिडकी बसवली’, ‘खिडकी भिंतीतून सुटली’ असे म्हणताना चौकटीसह असलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. ‘खिडकी उघडली’, ‘खिडकी लावून घे’, ‘वाऱ्याने खिडकी आपटली’, ‘खिडकी किलकिली केली’ या प्रयोगांत केवळ फिरणाऱ्या झडपेचा उल्लेख आहे. पोकळी आपटत नाही आणि चौकट किलकिली होत नाही.

हे तीन स्वतंत्र शब्द योगायोगाने एकरूप झाले आहेत असे मात्र म्हणता येत नाही. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारी देणे हे दोन अर्थ परस्परांशी असंबद्ध आहेत. ‘त्याने कर जोडले आणि भरलेही’ असे कोणी म्हटले तर तो विनोद ठरतो. याउलट ‘कालच रंगवलेल्या खिडकीतून मांजर आत आले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला अजिबात खटकत नाही. रंग लाकडाला लागला आणि मांजर पोकळीतून आले, तरी एकदाच उच्चारलेला शब्द दोन्ही अर्थांचा भार सहज वाहतो. जेम्स पुस्तेयॉव्स्की यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जनरेटिव्ह लेक्सिकॉन’ या ग्रंथात दार, खिडकी यांसारख्या शब्दांची ही नियमित अनेकार्थता तपशिलाने मांडली आहे. वस्तू आणि तिने व्यापलेली पोकळी हे एकाच संकल्पनेचे दोन पैलू असून वाक्यातील इतर पदे त्यांपैकी हवा तो पुढे आणतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

शब्दाचा अर्थ सान्निध्यातून निश्चित होतो, हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात संदिग्ध शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींत संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, प्रकरण इत्यादींची गणना केली आहे. ‘गजांची खिडकी’ म्हटल्याने गजांच्या संसर्गामुळे चौकटीचा बोध होतो. ‘झडप नसलेली खिडकी’ म्हटल्याने झडपेच्या विप्रयोगामुळे चौकट आणि पोकळी एवढेच शिल्लक राहते. प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत मोठे काम प्रकरण करते. घरमालक सुताराला बोटाने झडप दाखवतो आणि म्हणतो, ‘ही खिडकी बघा.’ तेथे गैरसमजास जागा नसते.

लेखी व्यवहारात हे प्रकरण नाहीसे होते. अर्जात, अंदाजपत्रकात किंवा कराराच्या कागदावर ‘खिडक्या बदलणे, नग आठ’ असे लिहिले की बोटाने दाखवण्याची सोय उरत नाही. घरमालकाने झडपा समजून सही करावी आणि कारागिराने चौकटींसह सबंध खिडक्या समजून काम घ्यावे, हे मग अपरिहार्य होते. दोघांपैकी कोणीही फसवणूक केलेली नसते. शब्दाच्या तीन अर्थांपैकी प्रत्येकाने आपल्याला जवळचा तो घेतलेला असतो.

दाराच्या बाबतीत मराठीजवळ निदान एक अधिक साधन आहे. ‘दार’ हा शब्दही पोकळी आणि झडप या दोन्ही अर्थी चालतो, परंतु झडपेसाठी संस्कृत ‘कपाट’ या शब्दापासून आलेला ‘कवाड’ हा स्वतंत्र शब्द विदर्भातील खेड्यांच्या बोलण्यात जिवंत आहे. ‘कवाड बदलले’ या वाक्याने चौकटीला धक्का लागल्याचा समज होत नाही. खिडकीसाठी ‘झडप’ हा शब्द हेच काम करू शकतो. परंतु रोजच्या बोलण्यात तो पुष्कळदा गाळला जातो आणि त्याच्या जागी ‘खिडकी’ येते.

३. नावे कशाची ठेवली गेली?

या अनेकार्थतेचे मूळ शब्दांच्या इतिहासात पाहावे लागते. ‘खिडकी’चा संबंध प्राकृतातील ‘खडक्की’ या शब्दाशी जोडला जातो. त्याचा अर्थ लहान दार. उत्तर भारतातील काही जुन्या शहरांच्या तटातील लहान दरवाजांना आजही खिडकी म्हणतात, ते या जुन्या अर्थाचे अवशेष होत. म्हणजे ज्यातून माणूस वाकून जाऊ शकेल अशी वाट हा मूळ अर्थ असून दृष्टी आणि वारा यांची वाट हा नंतरचा आहे.

संस्कृतातील ‘गवाक्ष’ हा शब्द आकारावरून आलेला आहे. बैलाच्या डोळ्यासारखी गोल पोकळी तो डोळ्यांपुढे उभी करतो. ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याचा मार्ग. गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या दुसऱ्या शब्दाचा उल्लेख अधिक उचित आहे. भवभूतीने आपल्या नाट्यप्रस्तावनेत आपले घराणे विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगितले आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय असे प्रतिपादन केले. त्याच्या ‘मालतीमाधवा’त नायिकेचा अनुराग खिडकीतच जन्म घेतो. पद्मावती नगरीतील रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाणाऱ्या माधवाला मालती आपल्या घराच्या उंच वातायनातून पाहते, असे पहिल्या अंकात कळते. येथे वातायन वाऱ्यासाठी राहिलेले नाही, ते पाहण्याची जागा झाले आहे. नाव एका कार्यावरून पडले आणि वस्तू दुसऱ्या कार्याला लागली, याचे हे एक सुबक उदाहरण म्हणता येईल.

इतर भाषांतील चित्रही असेच आहे. इंग्रजीतील ‘विंडो’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या सामासिक शब्दापासून आला आहे. गवाक्षातील डोळा आणि वातायनातील वारा तेथे एकत्र आलेले दिसतात. पोर्तुगीज ‘जनेला’ हा दार या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा लघुत्वदर्शक अवतार आहे, म्हणजे अर्थाने ‘खिडकी’चा सख्खा भाऊ. तो कोकणीत ‘जनेल’, बंगालीत ‘जानाला’, तमिळमध्ये ‘जन्नल’ असा रूढ झाला. प्रमाण मराठीने मात्र आपली ‘खिडकी’ सोडली नाही. फारसीतून आलेल्या ‘तावदान’ या शब्दात प्रकाशाचे स्थान हा मूळ अर्थ आहे. मराठीत तो आकुंचित होऊन काच किंवा काच बसवलेला भाग एवढ्यापुरता राहिला.

या सर्व नावांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट स्पष्ट होते. वाट, डोळा, वारा, उजेड यांपैकी काहीही घेतले तरी मुख्य शब्दाने पोकळीला किंवा पोकळीच्या कार्याला नाव दिले आहे. भिंतीत बसवलेल्या वस्तूला सबंध असे वेगळे नाव मिळालेले नाही. पोकळीचेच नाव लक्षणेने वस्तूला लागू झाले. वस्तूचे नामकरण झाले ते तिच्या भागांच्या रूपाने, आणि ते काम सुतार-लोहारांच्या भाषेने केले.

४. भागांची नावे आणि त्यांची दुरुस्ती

जुन्या लाकडी खिडकीचा मुख्य भाग चौकट हा होय. हा शब्द संस्कृत ‘चतुष्काष्ठ’पासून आला असून चार लाकडे एवढाच त्याचा अर्थ आहे. दोन उभी आणि दोन आडवी लाकडे एकमेकांत कुसू आणि खाच यांनी गुंतवलेली असतात. चौकटीत उभे लाकडी वा लोखंडी गज असतात. झडपा बहुधा दोन; त्या फळ्यांच्या असतात किंवा त्यांत तावदाने बसवलेली असतात. झडप आणि चौकट यांना जोडणारी बिजागरी, झडप लावून घेण्यासाठी कडी आणि कोयंडा किंवा लाकडाची फिरती खिटी, तावदान धरून ठेवणारी लांबी, ही उरलेली सामग्री होय.

यांपैकी ‘बिजागरी’ हा शब्द पोर्तुगीज ‘बिझाग्रा’पासून आला आहे. मोन्सेन्योर दाल्गादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांच्या अभ्यासामुळे अशा उसनवारीचा विस्तार अभ्यासकांपुढे आला. मराठीने पोर्तुगिजांकडून खिडकीचे नाव घेतले नाही, पण ती ज्यावर फिरते त्याचे घेतले, ही गोष्ट लक्षणीय आहे. पूर्वी झडपा लाकडाच्याच खुंट्यांवर चौकटीच्या खळग्यांत फिरत असत. धातूची बिजागरी किंवा तिचा बाजारात मिळणारा प्रकार समुद्रमार्गे आला असावा असे या शब्दावरून वाटते, परंतु केवळ उसन्या शब्दावरून याहून अधिक काही सिद्ध होत नाही. हिंदीत याच वस्तूला ‘कब्जा’ म्हणतात. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर असल्याने किनाऱ्यावरून आलेली बिजागरी आणि उत्तरेकडून आलेला कब्जा यांची गाठ तेथे पडणे स्वाभाविक आहे.

अर्थविचाराच्या दृष्टीने या शब्दावलीचा विशेष असा की ज्या भागाला स्वतंत्र नाव आहे तो भाग बहुधा स्वतंत्रपणे काढता, दुरुस्त करता आणि पुन्हा बसवता येतो. बिजागरीचे स्क्रू सैल झाले तर भोकात लाकडी खुंटी ठोकून ते पुन्हा बसवता येतात. लांबी वाळून तडकली तर ती खरवडून जवसाच्या तेलात मळलेली नवी लांबी भरता येते. झडपेचे खालचे आडवे लाकूड पावसाचे पाणी साचून कुजते. तेवढेच कापून काढून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडता येतो.

फुगलेल्या झडपेविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण खिडकी काढून टाकण्याचा विचार पुष्कळदा तेथूनच सुरू होतो. लाकूड हवेतील ओल शोषून घेते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने रुंदावते. लांबीत त्याची वाढ नगण्य असते. म्हणून पावसाळ्यात झडप रुंदीला अडते. ऐन पावसात तिच्यावर रंधा मारला तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर तेथे फट पडते आणि दोष पुन्हा खिडकीच्याच माथी येतो. झडप कोरडी असताना तिच्या कडा बेताने रंधून उघड्या लाकडाला तेल किंवा रंग दिला म्हणजे ओल शिरण्याचे प्रमाण कमी होते. ही अवघी काही तासांची दुरुस्ती आहे. तिच्यासाठी चौकटीला हात लावावा लागत नाही.

अर्थात प्रत्येक जुनी खिडकी वाचवता येते असे नाही. चौकटीची उभी लाकडे वाळवीने आतून पोखरली असतील तर ती बदलणे भाग आहे. डास, धूळ आणि रस्त्यावरचा गोंगाट या रहिवाशांच्या तक्रारीही खोट्या नाहीत. सागवान महाग झाले आहे आणि जुन्या कामाची सवय असलेला सुतार प्रत्येक गावात मिळत नाही. या अडचणी मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो : नेमका कोणता भाग निकामी झाला आहे? भागाचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारताही येत नाही आणि त्याचे उत्तरही देता येत नाही.

५. ‘बदलणे’ या क्रियापदाची संदिग्धता

नामाच्या या अनेकार्थतेत क्रियापदाची भर पडते. ‘बदलणे’ हे अरबी ‘बदल’ या विनिमयवाचक शब्दावरून आलेले आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात : आहे त्या वस्तूत फरक करणे, आणि ती काढून दुसरी आणणे. ‘विचार बदलला’ येथे फरक आहे की विनिमय, हे सांगणे कठीण. ‘बल्ब बदलला’ येथे निःसंशय विनिमय आहे. ‘खिडकी बदलली’ या वाक्यात दोन्ही अर्थ संभवतात. शिवाय ‘बदलणे’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही, त्यामुळे ‘या घराच्या खिडक्या बदलल्या’ या वाक्यात कर्त्याचा पत्ताच लागत नाही. खिडक्या जणू आपोआप बदलतात.

नामाचे तीन अर्थ आणि क्रियापदाचे दोन, असे एकंदर सहा अन्वय होतात. झडप दुरुस्त करण्यापासून पोकळीचे माप पालटण्यापर्यंतची सर्व कामे त्यांत येतात. व्यवहारात या अन्वयांची घसरण कशी होते ते पाहावे. झडप लागत नाही म्हणून ती बदलावयाची ठरते. जुन्या मापाची झडप करून देणारा सुतार जवळपास नसतो, म्हणून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी सुचवली जाते. ही खिडकी स्वतःची चौकट घेऊन येते, म्हणून जुनी लाकडी चौकट काढावी लागते. ती भिंतीत घट्ट रुतलेली असल्याने काढताना कडेची माती किंवा चुना ढासळतो. झालेले वेडेवाकडे भोक नव्या चौकटीच्या मापात आणण्यासाठी विटा आणि सिमेंट भरले जाते. परिणामी पोकळी लहान होते आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या ओळीतील एका खिडकीचे प्रमाण इतरांहून वेगळे होते. मातीच्या भिंतीत कठीण सिमेंटचा पट्टा आल्याने दोहोंच्या सांध्यात भेग पडण्याचा संभव असतो. मूळ तक्रार झडपेच्या कडेला दोन सूत रंधा मारण्याची होती.

सरकत्या खिडकीचे गुणदोषही विचारात घेतले पाहिजेत. ती फुगत नाही, वाळवीला दाद देत नाही आणि तिला रंग लागत नाही. परंतु दोन रुळांच्या सरकत्या खिडकीची एका वेळी निम्मीच पोकळी मोकळी होते; बिजागरीवर फिरणाऱ्या दोन झडपांची खिडकी जवळजवळ संपूर्ण उघडते. विदर्भाच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लाकडी झडपा लावून ऊन अडवावयाचे आणि रात्री त्या सताड उघडून भिंती थंड होऊ द्यावयाच्या, ही जुन्या घराची रीत आहे. काच उजेडाबरोबर उन्हाची उष्णताही आत घेते, आणि चौकटीचे ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णतावाहक आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहता नव्या खिडकीचा रोलर किंवा रबरी पट्टी बदलता येते. पण चौकटीचा मूळ नमुना बाजारातून गेला की तुटलेला भाग जुळत नाही आणि पुन्हा सबंध खिडकीच बदलावी लागते. तिच्या भागांना कारखान्याची नावे आहेत, गावातील कारागिराची नाहीत.

६. नियमांची भाषा

जेथे वारसा परिसर कायद्याने ठरवले गेले आहेत तेथेही या संदिग्धतेला तोंड द्यावे लागले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या २२व्या कलमात विकास योजनेच्या विषयांत ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाचा समावेश आहे. मुंबईत १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६७व्या नियमान्वये १९९५ साली वारसा वास्तू आणि परिसर यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली. वास्तूंच्या श्रेणी करण्यात आल्या. पहिल्या श्रेणीत आतून वा बाहेरून हस्तक्षेपास जवळजवळ वाव नाही. दुसऱ्या श्रेणीत आतील फेरफारांस काही मोकळीक आहे, पण बाह्य स्वरूपाची छाननी होते. तिसरीत बदलांना सर्वसाधारणपणे परवानगी मिळू शकते.

खिडकीच्या बाबतीत या विभागणीची मौज अशी की खिडकी आतही असते आणि बाहेरही. तीच झडप खोलीतील माणसासाठी आतील सामान आहे आणि रस्त्यावरील माणसासाठी दर्शनी भिंतीचा भाग. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातील ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको इमारती मुख्यतः निवासी आहेत. अशा इमारतींत मूळ लाकडी किंवा पोलादी चौकटींच्या जागी सरकत्या खिडक्या आल्याची उदाहरणे शहरभर दिसतात. प्रत्येक रहिवाशाने आपल्या खोलीपुरता निर्णय घेतलेला असतो, परंतु आडव्या रेषांच्या लयीवर उभे असलेले दर्शनी रूप सर्वांचे मिळून तुटते.

आंतरराष्ट्रीय संहितांनी ‘बदलणे’ या क्रियापदाचे पोटविभाग पाडण्याचा प्रयत्न केला आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेनुसार नाहीशा झालेल्या भागाच्या जागी येणारा भाग एकंदर रचनेशी सुसंवादी असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा, म्हणजे ऐतिहासिक पुराव्याचा विपर्यास होणार नाही. हे सूत्र खिडकीला लावताना कोणता ‘भाग’ असा प्रश्न लगेच उद्भवतो, आणि त्याचे उत्तर पुन्हा कारागिराच्या शब्दावलीतच सापडते.

पणजीतील फोंतेन्हास आणि गोव्यातील इतर जुन्या घरांच्या खिडक्या या प्रश्नाचे आणखी एक अंग दाखवतात. तेथे काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले असतात. त्यांतून डोळ्यांना न दिपवणारा मऊ उजेड येतो. हा शिंपला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घेण्यात आला. म्हणजे मूळ खिडकी मूळ द्रव्यानेच दुरुस्त करावी हा वारशाचा आग्रह आणि ते द्रव्य निसर्गातून काढू नये हा जीवरक्षणाचा आग्रह परस्परांसमोर उभे ठाकले. जुन्या मोडक्या खिडकीतील शाबूत तुकडे सांभाळून ठेवणे आणि ते दुसरीकडे वापरणे एवढा एक मार्ग त्यातून निघतो, आणि तो सबंध खिडकी भंगारात न घालणाऱ्यालाच उपलब्ध असतो.

७. गोंदिया जिल्ह्यातील नोंदीचे काम

ज्या प्रदेशात नियम आणि याद्या खिडकीपर्यंत पोहोचत नाहीत, तेथे शब्दांची नोंद हेच प्राथमिक संरक्षण ठरते. शब्द आणि वस्तू यांचा एकत्र अभ्यास करण्याची परंपरा भाषाशास्त्रात जुनी आहे. रुडॉल्फ मेरिंगर यांनी घर आणि घरातील सामान यांच्या अभ्यासातून ही पद्धती पुढे आणली आणि १९०९ साली याच नावाचे जर्मन नियतकालिक सुरू झाले. त्याच्याही आधी, १८८५ साली, ग्रिअर्सन यांनी ‘बिहार पेझंट लाइफ’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या घराच्या आणि अवजारांच्या प्रत्येक भागाचे नाव स्थळानुसार नोंदवले होते. पुढे त्यांच्याच भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. तो व्याकरण आणि नमुना-उतारे यांसाठी मोलाचा आहे, परंतु वस्तुनामांचा कोश नव्हे.

गोंदिया जिल्हा अशा कामासाठी विशेष अनुकूल आहे. येथे झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकमेकींच्या शेजारी नांदतात. झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे वर्ण नाहीत. ळकाराच्या जागी र येतो. त्यामुळे प्रमाण मराठीतील ‘जाळी’ आणि ‘फळी’ यांची रूपे तेथे ‘जारी’ आणि ‘फरी’ अशी होतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करून पायाभूत काम केले आहे. त्यावर व्यवसायनिष्ठ शब्दावलीची, म्हणजे सुतार, लोहार आणि गवंडी यांच्या शब्दांची, भर घालणे ही पुढची पायरी होय.

हे काम करताना काही पथ्ये पाळावी लागतील. ‘बिजागरीला तुम्ही काय म्हणता?’ असे विचारल्यास उत्तर प्रश्नातच दिले जाते. म्हणून वस्तूवर बोट ठेवून नाव विचारावे. नामांबरोबर क्रियापदेही टिपावीत, कारण झडप ‘लावतात’, ‘टाकतात’ की ‘ओढतात’ यावरून तिच्या रचनेचा बोध होतो. कारागिराइतकेच घरातील स्त्रियांनाही विचारावे. रोज खिडकी उघडणाऱ्या आणि पुसणाऱ्या माणसाचे शब्द ती घडवणाऱ्याच्या शब्दांहून भिन्न असू शकतात. प्रत्येक नावापुढे भागाचे माप, लाकडाची जात आणि दुरुस्तीची रीत लिहावी. साग आणि बिजा यांतील भेद ज्या सुताराला स्पर्शाने कळतो, त्याच्याजवळ त्या भेदाचे शब्दही असतात.

अशा नोंदीचा उपयोग केवळ कोशकाराला होईल असे नाही. ‘खिडक्या बदलणे, नग आठ’ या ओळीच्या जागी ‘झडपांचे खालचे लाकूड बदलणे, नग तीन, बिजागऱ्या नव्या, नग सहा, चौकटी व पोकळी कायम’ अशी ओळ लिहिता आली, तर घरमालकाचा खर्च आणि भिंतीचे नुकसान दोन्ही टळण्याचा संभव आहे. त्यासाठी लागणारे सर्व शब्द मराठीत आहेत. ते कागदावर येण्याइतके प्रतिष्ठित मानले गेले नाहीत, एवढेच. सुताराच्या तोंडचे नाव आणि त्या नावाची वस्तू एकाच भेटीत नोंदता येते तोवर हे काम सुकर आहे. चौकट निघाल्यावर नाव विचारण्यासाठी बोट ठेवावयाला काही उरत नाही.